घराशेजारी बंदुकीचे बार: तक्रार कुठे करायची, पुरावा कोणता जपायचा

तुमची हकिगत थोडक्यात अशी. सिंधुदुर्गातल्या एका वाडीच्या टोकाला तुमचे घर. गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, चुलत काकांची आंबा-काजूची बाग. काकांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे आणि मोहोर धरल्यापासून ते वानरांवर बार काढतात, कधी सकाळी, कधी दिवेलागणीला. गेल्या आठवड्यात तुमच्या पडवीच्या पत्र्याला भोके पडली, तेव्हा आई अंगणात होती. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली आणि "कोर्टात जा" म्हणून सांगितले. काकांचे म्हणणे, "माझ्या जमिनीत, माझ्या परवान्याच्या बंदुकीने, माझी बाग राखतो." तुम्ही विचारता, यात गुन्हा होतो का आणि आता जायचे कुठे.

गुन्हा होतो. आणि तो एनसीचा नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम २५ ला पोटकलम ९ जोडले गेले. त्याची चर्चा झाली ती उत्तरेकडच्या लग्नांतल्या हर्षगोळीबारामुळे, म्हणून आपल्याकडे बहुतेकांना, ठाणे अंमलदारालाही, ते लग्नापुरतेच आहे असे वाटते. तसे नाही. त्यात दोन गोष्टी आहेत. एक हर्षगोळीबार, आणि दुसरी म्हणजे बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे बंदूक वापरणे. दोन्हींत अट एकच, की इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आली पाहिजे. कोणी जखमी व्हायलाच हवे असे नाही. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जमीन कोणाची आणि बंदुकीला परवाना आहे की नाही, हे त्या पोटकलमात कुठेच विचारलेले नाही. काकांचे तिन्ही "माझे" खरे धरले तरी त्यातून बचाव उभा राहत नाही.

एनसी का केली असेल, याचा अंदाज करता येतो. ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा, भारतीय न्याय संहितेबाहेरचा गुन्हा सर्वसाधारण तक्त्याप्रमाणे अदखलपात्र ठरतो, आणि अंमलदार तोच तक्ता बघतात. पण शस्त्र अधिनियमाचे कलम ३८ एका ओळीत सांगते की या अधिनियमाखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे. ठाण्यात पुन्हा जाल तेव्हा ३८ आणि २५(९) या दोन कलमांची छापील प्रत सोबत न्या. आवाज चढवण्याची गरज पडत नाही, कागद पुढे सरकवला की बोलण्याचा सूर बदलतो. जोडीला भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ आहे, जे पूर्वी भारतीय दंड संहितेचे ३३६, ३३७ आणि ३३८ होते. दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल अशी बेदरकार कृती केली आणि इजा झाली नाही, तरी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २५०० रुपयांपर्यंत दंड आहे. इजा झाली तर शिक्षा वाढते, गंभीर इजेला ३ वर्षांपर्यंत जाते. हेही दखलपात्रच. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट केले आहे.

कलमे मात्र या कामातला सोपा भाग आहे. मी सिंधुदुर्गात फौजदारी वकिली करतो, आणि अशा प्रकरणांत फिर्यादी हरताना पाहिला आहे तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने. बार निघाला हे सगळे मान्य करतात. काकासुद्धा करतील. भांडण असते ते बंदूक कुठे उभे राहून, कोणत्या दिशेला उडवली याचे. काका सांगतील, मी वरच्या कोपऱ्यात होतो, डोंगराकडे तोंड करून हवेत बार काढला. ते खोडायला तुमच्याकडे आईचा शब्द सोडून काही नसेल तर कोर्टात संशयाचा फायदा त्यांना जाणार. म्हणून सगळी ताकद या एका मुद्द्यावर लावा, आणि लवकर लावा, कारण हा पुरावा टिकत नाही.

पत्र्यापासून सुरुवात करू. तो पत्रा बदलू नका, भोके बुजवू नका. गळती लागत असेल तर वरून ताडपत्री टाका. पत्र्याला आरपार भोक आहे की नुसता पोचा आला आहे, यावर बरेच काही ठरते. लांबून, उंचावरून, जोर संपून खाली पडलेला छर्रा कौलावर गारेसारखा वाजतो, डोळ्यात गेला तर डोळा जाईल, पण लोखंडी पत्रा भेदत नाही. आरपार भोक म्हणजे छर्रा सरळ आणि जवळून आला. भोक गोल आहे की लांबट, हेही बघा. लांबट असेल तर तो तिरपा आला, आणि कोणत्या बाजूने ते लांबीवरून कळते. पत्र्यातून गेलेला छर्रा मागे भिंतीत किंवा वाशात रुतला असेल तर तुमचे नशीब. ती जागा आणि पत्र्यातले भोक यांना दोरी लावली की ती दोरी गडग्याच्या कोणत्या बाजूला जाते ते उघड्या डोळ्यांना दिसते. पंचनाम्यात पोलिसांना ही दोरी लावायला सांगा आणि तिचा फोटो घ्यायला सांगा. रुतलेला छर्रा स्वतः उकरून काढू नका. तो पंचांसमोर निघाला पाहिजे आणि पाकिटात मोहोरबंद झाला पाहिजे, नाहीतर "हा तुम्हीच आणून ठेवलात" या एका वाक्याला उत्तर राहत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचे चित्रीकरण करणे आता आवश्यक आहे, याची आठवण करून द्या.

अंतराचा हिशेब लोकांना ठाऊक नसतो, म्हणून सविस्तर सांगतो. बारा बोअरच्या बंदुकीचा मारा ३५-४० मीटरपर्यंत परिणामकारक, असे बंदूकवाले सांगतात आणि ते शिकारीच्या अर्थाने बरोबर आहे. पण छर्रा तिथे थांबत नाही. पाखरांसाठी वापरतात तो ६ नंबरचा बारीक छर्रा वर तोंड करून उडवला तर साधारण २०० मीटरपर्यंत जाऊन पडतो. डुकरासाठी वापरतात तो एसजीचा जाड छर्रा ६०० मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. जितका छर्रा जाड तितका तो लांब जातो. वानर झाडाच्या शेंड्यावर असते, म्हणजे नळी वर असते, म्हणजे छर्रे लांब जाण्याचीच ती स्थिती. डुकरावर जमिनीकडे बार काढला तर वेगळा धोका: आपल्याकडे खाली कातळ आहे, आणि कातळावर आपटलेला छर्रा कुठेही उसळतो. तेव्हा गडग्यापासून घर किती फूट, बागेच्या मधल्या वाटेपासून किती, वरच्या कोपऱ्यापासून किती, हे टेपने मोजा आणि गटाच्या नकाशावर लिहा. सातबारा आणि गट नकाशा हे फक्त जमिनीच्या वादात लागतात असे समजू नका. इथे ते अंतर सिद्ध करतात.

आता बंदूक कोणती, हे महत्त्वाचे. शेती संरक्षणाच्या परवान्यावर जिल्ह्यात अजून ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या, बंदुका पुष्कळ आहेत. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्येच पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. काकांची काडतुसाची असेल तर बागेत पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी नळकांडी, सापडतील. छऱ्यांवरून बंदूक ओळखता येत नाही, कारण नळीला आत आटे नसतात. पण पुंगळीच्या बुडाला घोड्याच्या पिनची खूण उठते, आणि मुंबईला कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत ती जुळवता येते. ठासणीची असेल तर पुंगळीच नाही. तिथे दारूवर ठासलेला काथ्या, चिंधी किंवा कागद शोधायचा. तो हलका असतो, नळीपासून थोड्याच अंतरावर गळून पडतो, आणि म्हणूनच बंदूकवाला कुठे उभा होता हे तो फार चांगले सांगतो. पहिल्या पावसात, कधी दहिवरातही, तो जातो. हे सगळे काकांच्या जमिनीत आहे, तेव्हा तुम्ही आत शिरू नका. गडग्यावरून पोलिसांना दाखवा. आत गेलात की घुसखोरीची उलट तक्रार हमखास येते.

पुढचा बार निघाला तर पहिला फोन ११२ ला करा, नातेवाइकांना नंतर. त्या फोनची वेळ सरकारी नोंदीत राहते, आणि सहा महिन्यांनी उलटतपासणीत "तेव्हा का बोलला नाहीत?" याचे उत्तर ती नोंद देते. पोलीस पाटलांनाही कळवा आणि लेखी कळवा. मोबाइलवर चित्रीकरण करत असाल तर बंदूकच चित्रात यावी म्हणून गडग्याला चिकटून उभे राहू नका, जीव धोक्यात घालू नका. पडवीतून घेतलेल्या चित्रात आवाज, धूर, उडालेली पाखरे, पत्र्याचा खडखडाट आला तरी पुरे. मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत दाबून लहान झालेली असते, ती मूळ नव्हे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, लिहावे लागते. फोन विकला, फॉरमॅट केला, की ते काम अवघड होऊन बसते. कोणाला छर्रा लागलाच तर खाजगी दवाखान्यात मलमपट्टी करून घरी येऊ नका. ग्रामीण रुग्णालयात जा, एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून जखमेची नोंद, करायला सांगा, एक्स-रे काढा, आणि काढलेला छर्रा डॉक्टरांनी मोहोरबंद करून पोलिसांकडे द्यावा असा आग्रह धरा.

तक्रार लिहिताना एका मोहाला बळी पडू नका. ठाण्याबाहेर बसलेला कोणीतरी जाणकार सांगेल, खुनाचा प्रयत्न लिहा, न्याय संहितेचे कलम १०९ लावा, म्हणजे काका आत जातील. त्या कलमाला जीव घेण्याचा इरादा किंवा त्याची पुरेपूर जाणीव सिद्ध करावी लागते. वानरावर उडवलेल्या बाराला ते लावलेत तर आधी पोलिसांना तुमचे म्हणणे अतिशयोक्त वाटेल, मग कोर्टाला, आणि जे खरे आहे त्यावरचाही विश्वास जाईल. याची दुसरी बाजूही आहे. इरादा नव्हता म्हणजे प्रकरण किरकोळ, असेही समजू नका. उत्तराखंडातल्या एका लग्नात एकाने छताकडे नळी करून बार काढले, छर्रे छतावरून परतले आणि दोघांचा जीव गेला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधात बदलली खरी, पण गर्दीत छताकडे गोळी झाडणाऱ्याला छर्रे पसरतात हे माहीत असायलाच हवे, हे ठामपणे म्हटले. तुमच्या काकांना पत्र्याची भोके लेखी कळवलीत, तर पुढच्या बाराला तेही "मला माहीत नव्हते" म्हणू शकणार नाहीत. म्हणून वकिलामार्फत एक साधी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. शिव्याशाप नकोत, जमिनीचा जुना वाद नको. तारीख, वेळ, किती बार, कोण कुठे होते, किती अंतर, काय नुकसान, आणि गडग्याकडे तोंड करून बार काढू नये ही मागणी. एवढेच.

जमिनीच्या वादाचे मुद्दाम म्हणालो. कोकणात सामायिकातले वाटप बाकी नाही असे घर क्वचितच. काकांचे वकील पहिल्या सुनावणीला वाटपाच्या दाव्याचे कागद पुढे करतील आणि म्हणतील, हे सगळे बागेसाठी चालले आहे. तुमच्या तक्रारीत वाटणीचा एक शब्द असेल तर तो तुमच्याच विरुद्ध वापरला जाईल.

ठाण्यात तरीही नोंद केली नाही, तर तक्रार लेखी स्वरूपात आणि पोचपावतीसह पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये तशी तरतूद आहे. तिथेही काही हालले नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो. त्याला शपथपत्र लागते आणि अधीक्षकांकडे अर्ज केल्याचा पुरावाही लागतो, म्हणून मधली पायरी गाळू नका. मुदतही ध्यानात ठेवा. कलम १२५ च्या इजा न झालेल्या प्रकाराची कोर्टाने दखल घेण्याची मुदत १ वर्ष, आणि २५(९) ची ३ वर्षे. "यंदाचा हंगाम जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू" असे म्हणत बसलात तर पहिले कलम हातातून जाईल.

पण माझ्या मते तुमची खरी लढाई फौजदारी कोर्टात नाही, परवान्यावर आहे. खटला उभा राहून निकाल लागेपर्यंत आंब्याचे किती हंगाम जातील ते सांगता येत नाही, आणि तोवर बंदूक सोडवून आणलेली असते. तुम्हाला काकांना तुरुंगात बघायचे नाही, आईला अंगणात निर्धास्त बसता यावे एवढेच हवे आहे. तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टरांकडे आहे. त्यांच्या कार्यालयातली गृह शाखा परवान्यांची फाइल सांभाळते. शस्त्र अधिनियमाचे कलम १७ त्यांना तीन गोष्टी करू देते: परवान्याच्या अटी बदलणे, परवाना निलंबित करणे, परवाना रद्द करणे. लोक सरळ रद्द करण्याची मागणी करतात. ती मागणी मोठी आहे, काका वकील लावून लढतील, आणि नुसता गुन्हा दाखल आहे एवढ्यावर परवाना रद्द करता येत नाही असे उच्च न्यायालयांचे, विशेषतः अलाहाबादचे, कितीतरी निकाल त्यांच्या बाजूला आहेत. सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता यांना या परवान्याने प्रत्यक्ष धोका आहे हे दाखवावे लागते, आणि कलेक्टरांना कारणे लेखी नोंदवावी लागतात. तुमच्याकडे पंचनामा, छर्रे, नकाशा, ११२ ची नोंद असेल तर तो धोका दिसतो. नसेल तर फाइल चौकशीसाठी परत ठाण्यात जाते आणि तिथेच बसते.

म्हणून अर्जात मागणी पायऱ्यांनी करा. आधी चौकशी होईपर्यंत निलंबन, आणि मग अटी बदलून घरांकडच्या बाजूला, ठरावीक अंतरात आणि अंधार पडल्यावर बार काढायला मनाई. ही मागणी मान्य करणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जाते, कारण त्यात शेतकऱ्याची बंदूक काढून घेतल्याचा ठपका नाही. परवान्यावरची अट मोडली तर कलम ३० खाली तो स्वतंत्र गुन्हा होतो, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड. आणि पुढच्या वेळी रद्द करण्याला भक्कम कारण मिळते.

याच अर्जात परवाना नीट तपासण्याची विनंती करा. शेती संरक्षणाचा परवाना ठरावीक कामासाठी आणि ठरावीक क्षेत्रासाठी असतो. काकांची गडग्यालगतची बाग त्या क्षेत्रात येते का? परवाना नूतनीकरण केलेला आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, तो कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे बंदूक आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वर्षे झालेली, आणि वापरतो नातू, असे घरोघरी आहे. परवानाधारक वारला की वारसांनी बंदूक जमा करून आपल्या नावाचा परवाना घ्यायचा असतो. तसे केले नसेल तर ती बिनपरवान्याची बंदूक ठरते. ती जवळ बाळगण्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षे, आणि वापरण्याला कलम २७ खाली किमान ३ ते ७ वर्षे शिक्षा आहे. हे कळल्यावर शेजाऱ्यांच्या हातात जणू हुकमी पान येते. ते वापरण्याआधी थांबा आणि विचार करा. दहा वर्षांनी मुंबईहून आलेल्या चुलतभावाला बाप तुरुंगात कोणी पाठवला ते आठवणार आहे. पण बार चालूच राहिले आणि बोलणी फिसकटली, तर मात्र हे लपवून ठेवण्याचे तुमच्यावर कसलेही बंधन नाही. आई आधी.

एक विषमता सांगायला हवी, कारण अर्ज फेटाळल्यावर लोक चुकीच्या दारात जातात. परवाना निलंबित झाला, रद्द झाला किंवा अटी बदलल्या तर काकांना कलम १८ खाली अपील आहे, विभागीय आयुक्तांकडे. कलेक्टरांनी काहीच केले नाही तर तुम्हाला तसे अपील नाही. तुमचा मार्ग उच्च न्यायालयात रिट याचिकेचा. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गही त्याच्याकडे आहेत. गगनबावड्याचा किंवा आंबोलीचा घाट चढला की पोचता, सकाळी निघून संध्याकाळी परत.

दिवाणी मनाईहुकमाचे लोक हमखास विचारतात. तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे निरंतर मनाईचा दावा लावता येतो, आणि त्यातच तात्पुरत्या मनाईचा अर्ज. हुकूम मिळाला आणि मोडला तर मालमत्ता जप्ती आणि दिवाणी कैदेपर्यंत जाता येते. मी हा मार्ग तेव्हाच सुचवतो जेव्हा कलेक्टर कार्यालयात काम अडते, कारण एकदा दिवाणी दावा लागला की काकांच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, वाटप, वहिवाट, पायवाट सगळे येते आणि बंदूक बाजूला राहते. बागेला लागून सार्वजनिक पाणंद असेल, शाळेची मुले जात असतील, तर प्रांतांकडे सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज, नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२, जास्त उपयोगी. त्यावर सह्या तुमच्या एकट्याच्या नकोत, वाडीच्या हव्यात.

काकांनी बंदूक ठेवून एअरगन आणली तर गप्प बसू नका. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या, २० जूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही हे खरे, पण कलम १२५ ला बंदूक कसली याच्याशी देणेघेणे नाही.

आता काकांच्या बाजूने. वानरांचा आणि डुकरांचा उपद्रव खोटा नाही. एका कळपाने एका सकाळी वर्षाची कमाई जमिनीवर पाडलेली मी पाहिली आहे, आणि त्या शेतकऱ्याचा राग मला कळतो. पण शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. रानडुक्कर मारायचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि गवा, मोर हे तर अनुसूची १ मधले, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचे. या नुकसानीची भरपाई वनखाते देते, त्यासाठी लगेच अर्ज आणि पंचनामा व्हावा लागतो. तुमच्या काकांनी तो कधी केला आहे का, विचारा. नसेल तर तो अर्ज भरायला तुम्ही मदत करा, मी मनापासून सांगतो. फिर्याद आणि ही मदत एकाच वेळी चालू शकतात. फक्त कुंपणात घरातली वीज सोडण्याचा विचार कोणाच्या डोक्यात आला तर त्याला तिथेच थांबवा. आपल्याकडे त्यात माणसे मेली आहेत.

उलट तक्रार येईल, तिची तयारी ठेवा. तुम्ही शिवीगाळ केली, दगड मारला, अंगावर धावलात, असे लिहिले जाईल. पोलीस दोन्ही बाजूंवर शांतता राखण्याची कारवाई, नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १२६, करून तहसीलदारांसमोर उभे करतील. घाबरू नका, ती शिक्षा नव्हे. पण तिथे बंधपत्रावर सही करताना त्यात तुम्ही काही कबूल केल्याची भाषा नाही ना, ते वाचून घ्या.

आणि शेवटी तडजोड, कारण बहुतेक प्रकरणे तिथेच येतात आणि यावीत. तंटामुक्ती समितीसमोर, पोलीस पाटलांसमोर बसून मिटवा, पण एफआयआर झाली असेल तर "आपसात मिटले" असे लिहून दिल्याने शस्त्र अधिनियमाचा गुन्हा मिटत नाही. तो तडजोडयोग्य नाही. तो रद्द करायचा तर दोघांना मिळून उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली जावे लागते. ठाण्यात असे लिहून देऊन निर्धास्त झालेले लोक दोन वर्षांनी समन्स आल्यावर एकमेकांवर चिडतात, म्हणून आधीच दोघांच्या वकिलांना एकत्र बसवा. कागदावर मोघम "यापुढे काळजी घेऊ" नको. उभे राहण्याची जागा नकाशावर खुणेने दाखवा, नळीची दिशा लिहा, घरापासूनचे किमान अंतर मीटरमध्ये लिहा, सूर्यास्तानंतर बार नाही हे लिहा, बार काढण्याआधी फोन करायचा आणि कोणाच्या नंबरवर, ते लिहा, बंदूक परवानाधारकच हाताळील हे लिहा.

तो कागद घरातल्या पेटीत ठेवू नका. दोघांच्या सह्यांनी कलेक्टर कार्यालयात द्या आणि याच अटी परवान्यावर चढवाव्यात असा संयुक्त अर्ज करा. परवाना आता ५ वर्षांचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी ठाण्याचा अहवाल मागवला जातो, तेव्हा काकांच्या परवान्याची मुदत कोणत्या तारखेला संपते ते आताच विचारून ठेवा. यादरम्यान एकही अट मोडली गेली असेल तर तुमचा अर्ज त्या तारखेच्या आधी गृह शाखेच्या फाइलमध्ये लागलेला असला पाहिजे, आवक क्रमांकासह.